टिपक्यांचा पैरा

आक्काताईंनी उंच स्टूल भिंतीला सरकवलं, एक पाय वर ठेवला आणि गुडघ्यानं दगा दिला तसा परत खाली घेतला. हातातला ओला फडका त्यांनी चंदनापुढे धरला.

"तूच पूस बाई. फोटूत धुरळा दिसाय नको."

चंदनाने टाचा उचलून फडका फिरवला. भिंतीवरची लाल ऑइलपेंटची रेघ उजळून आली. वीतभर लांब, तिच्या डोक्याच्या चार बोटं वर. रेघेखाली आक्काताईंच्या यजमानांनी, धनपालकाकांनी, ठाशीव अक्षरात लिहून ठेवलेलं : पुराचे पाणी, ऑगस्ट २०१९. वर एक रिकामा खिळा. त्याला काकांची टोपी असायची. काका जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

तिने फोटो घेतला, टेप लावून उंची पुन्हा मोजली आणि मोबाईलवरच्या नकाशात भरली. दर मार्चमध्ये ती सांगलीतल्या या नऊ गल्ल्यांमधून फिरायची आणि भिंतींवरच्या पुराच्या खुणांचे फोटो नव्याने घ्यायची. कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवून उरलेल्या वेळात तिची पीएच.डी. चालली होती. विषय विचारला की ती एका दमात सांगायची : शहरातली घरं, त्यांना मिळणारी कर्जं आणि लोकांनी मोबाईलवरून चालवलेल्या चळवळी. ऐकणारा "बरं बरं" म्हणायचा आणि दुसरं काहीतरी बोलायला लागायचा.

पण या गल्ल्यांनी तसं केलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी मागच्या ओढ्यात एका बिल्डरने ट्रकच्या ट्रक माती ओतायला सुरुवात केली, तेव्हा अर्ज करून करून लोक थकले होते. चंदनाने त्यांना नकाशा करून दिला. ज्याच्या घरात पाणी आलं त्याने भिंतीवरच्या खुणेचा फोटो काढायचा आणि नकाशावर आपल्या घराच्या जागी एक निळा बिंदू लावायचा. नकाशाचं नाव ठेवलं 'पाणी कुठवर'. पहिला बिंदू आक्काताईंचा. बघता बघता दोनशे बारा झाले. नकाशा मोबाईलवरून मोबाईलवर फिरला, बातमीदार आले, आणि एका सकाळी ओढ्यातलं मशीन बंद पडलं ते आजतागायत. पिठाच्या गिरणीवाल्या बाळासोंनी तर नकाशा छापून गिरणीत लावला होता. 

बिल्डर एकेकाला गाठून बिंदू काढायला लावेल, ही भीती तेव्हा सगळ्यांनाच होती. म्हणून चंदनाने एक नियम घातला. गल्ल्यांच्या जोड्या लावल्या. स्वतःच्या गल्लीतला बिंदू कुणालाच काढता येणार नाही. तो जोडीच्या गल्लीचा प्रमुखच काढू शकेल, आणि तेही कारण लिहून. बाळासोंच्या गल्लीची जोडी नाथाजींच्या गल्लीशी. आक्काताई त्यांच्या गल्लीच्या प्रमुख; त्या गल्लीची जोडी पाण्याच्या टाकीमागच्या नव्या वसाहतीशी, आणि ती वसाहत चंदनाने स्वतः मोजली होती, म्हणून तिथली प्रमुख चंदनाच. जैन बस्तीच्या सभागृहात तिने हे समजावून सांगितलं तेव्हा आक्काताई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

"म्हंजे पैराच की गं ह्यो. आमच्या पलूसला असाच. आज तुज्या रानात मी भांगलाय यायची, उद्या माज्या रानात तू. रोजगार न्हाई का हिशेब न्हाई. आणि पैरा मागायचा नसतोय. ज्याचं त्याला ठावं असतंय."

चंदनाला ते इतकं आवडलं होतं की प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात तिने ते तळटीप म्हणून घातलं.

"झाला फोटू?" आक्काताईंनी विचारलं. चहाचा कप तिच्यासमोर ठेवला, आणि आपण भिंतीला टेकून बसल्या. "मग आता माजं एक काम कर. त्येवढा टिपका काढ."

बिंदूला इथे सगळे टिपका म्हणत.

चंदनाने कप उचलला नाही. आक्काताई सांगत गेल्या. सातारला लेकाच्या, अतिशयच्या, बिल्डिंगीत तळमजल्याची एक खोली विकायला निघाली होती. दर पावसाळ्यात गहू-तांदूळ माळ्यावर चढवायचं आता त्यांच्याने होत नव्हतं. लेक म्हणत होता, नुसती ये. पण पोराच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. घराला गिऱ्हाईक मिळालं. दुष्काळी जतचे एक मास्तर. अख्खी हयात टँकरच्या मागे धावण्यात गेलेली, म्हणाले, आजी, मला पाण्याचं काय भ्या दाखवताय. सौदा ठरला. मग बँकेचा मूल्यांकन करणारा साहेब आला. त्याने घर मोजलं, भिंतीवर टकटक केलं, सगळं छान म्हणाला आणि जाता जाता मोबाईल काढला.

"तुजा नकाशा हुता. पयला टिपका माजाच. दाबला की ही रेघ, ह्येंचं अक्षर, सगळं आलं. मास्तरचं कर्ज गेलं. आता महिन्याची मुदत दिलीया त्येंनी." आक्काताईंनी रेघेकडे बघितलं. "हौसेनं दावली हुती गं तुला."

"आक्काताई, तुमचा काढला तर बाकीचे काय म्हणतील? तो पहिला बिंदू आहे. आपल्या तक्रारीत त्याचाच फोटो आहे." आपला आवाज वर्गातल्यासारखा होतोय हे चंदनाला कळत होतं. "ओढ्यात पुन्हा भराव पडला तर पुढच्या वेळी पाणी या रेघेच्याही वर जाईल."

"जाईल की."

"आणि ते खोटं होईल. पाणी तर आलं होतं."

"आलं हुतं," आक्काताई म्हणाल्या. "भिंतीवर हायच की त्ये. भिंत कुठं पुसा म्हणतीय मी?"

अंगणातून खोकल्याची उबळ ऐकू आली. चंदनाची पोरगी ब्राह्मी आत आली, चार वर्षांची, हातात चिंचोके, श्वासाला बारीक शीळ. चंदनाने सवयीने तिच्या पाठीवर तळवा ठेवला आणि मनातल्या मनात श्वास मोजले.

"आमच्या नव्या घरात लिफ्ट आहे," ब्राह्मीने आक्काताईंना सांगितलं.

"व्हय? कुठं गं नवं घर?"

"टाकीच्या मागं. पिवळी बिल्डिंग."

चंदनाचे कान तापले. टेपची पट्टी आत गुंडाळायला तिने गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. आक्काताई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी डब्यातून गुळाचा खडा काढून पोरीच्या हातावर ठेवला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "हिला ओल सोसत न्हाई."

*

पिवळ्या बिल्डिंगीवर बिंदू होता. एकशे अठ्ठ्याऐंशी क्रमांकाचा. पार्किंगच्या खांबावर साडेतीन फूट, फोटो चंदनाचाच. तेव्हा तिथे घर घ्यायची वेळ येईल हे तिला काय माहीत. तिचा नवरा आर्जव साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला होता, शनिवारी यायचा. फ्लॅट त्यानेच शोधला. आवाक्यातलं दुसरं काही नव्हतं. "तिसरा मजला आहे. पाणी काय लिफ्टनं येणार आहे?" असं तो म्हणाला होता, आणि त्यात चूकही काही नव्हतं. सध्याच्या भाड्याच्या तळमजल्यावर भिंतींना फोड आले होते. बोट लावलं की पापुद्रा निघायचा. कपाट पुढे ओढलं तर मागे काळी बुरशी. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, औषधं मी देतो, पण आधी घर बदला. घरमालकानेही मेअखेर खोल्या मागितल्या होत्या. कर्जाची फाईल बँकेत होती आणि मूल्यांकन करणारा त्याच आठवड्यात येऊन जायचा होता.

नकाशा तिनेच बनवलेला. नियमाला वळसा घालून एक बिंदू उडवणं तिला अवघड नव्हतं. आक्काताईंकडे जायच्या आधीचे दहा दिवस ती तो बिंदू उघडायची, खांबाचा फोटो बघायची आणि बंद करायची. तिने तो काढला नाही. याचं तिला समाधान वाटायला हवं होतं. वाटायची ती नुसती चीड. बँकेवर, बिल्डरवर, आर्जववर, आणि त्या खांबापाशी गुडघे टेकून टेप लावणाऱ्या चार वर्षांपूर्वीच्या स्वतःवर.

भरीत भर म्हणजे बिंदू कमी होत होते. दोनशे बारावरून एकशे नव्वद, मग एकशे साठ. कोण काढतंय ते तिने अजून तपासलं नव्हतं. तपासायचं काय त्यात? बिल्डरने एकदोघा प्रमुखांना फितवलं असणार. ओढ्याकाठी पुन्हा ट्रक दिसल्याचं एका गल्लीच्या प्रमुख बनुबाईंनी परवाच कळवलं होतं.

गुरुवारी तिला मार्गदर्शकांना भेटायला साताऱ्याला जायचं होतं. ब्राह्मीचा खोकला बघून बालवाडीच्या बाईंनी, बरी झाली की पाठवा, असं सांगितलेलं. जवळचं दुसरं कुणी नव्हतं. दोन दिवसांपूर्वी ज्यांना नाही म्हटलं त्यांच्याच दारात चंदना सकाळी पोरीची पिशवी घेऊन उभी राहिली.

"ठेव की," आक्काताई म्हणाल्या. "मी काय ऊस तोडाय चाललीया?"

तिने वाफेचं औषध कसं द्यायचं ते तीनदा सांगितलं. आक्काताईंनी तिन्ही वेळा ऐकून घेतलं.

विश्वजित सरांनी साताऱ्याच्या आपल्या केबिनमध्ये नकाशा मोठ्या पडद्यावर उघडला आणि आकडा बघून खुर्ची पुढे ओढली. एकशे एकोणचाळीस.

"त्र्याहत्तर गेले? कुणी काढले?"

चंदनाने बिल्डरचं सांगितलं. ट्रकचं सांगितलं. तिचा आवाज चढत गेला. लोकांनी एवढं उभं केलेलं कुणीतरी गुपचूप पोखरतंय आणि आपल्याला एक साधी तक्रारसुद्धा धड करता येत नाही, असं बरंच काही ती बोलली. सर पेन फिरवत ऐकत होते.

"नोंदी बघितल्या का तुम्ही? कोण, कधी, कारण काय?"

"नाही सर."

"बघा मग. लोकांनीच काढले असतील ना मॅडम, तर तुमचं पाचवं प्रकरण तयार आहे." त्यांचा चेहरा खुलला होता. "बँकेने नकाशा वाचला आणि लोकांनी नकाशा पुसला. यावर परिसंवादात पेपर होईल."

"आणि ओढा?"

"तो आपल्या संशोधनाचा भाग नाही," सर मायेने म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला.

चंदनाने चहा अर्धा ठेवून पर्स उचलली.

एसटी स्टँडवर आर्जव जेवणाच्या सुट्टीत धावत आला होता. हातात कंदी पेढ्यांचा पुडा. लांबूनच हसत होता.

"झालं. सकाळी फोन आला बँकेचा. व्हॅल्युएशन ओके."

चंदनाने पुडा हातात घेतला. "ओके कसं?"

"कसं म्हणजे? तो साहेबच म्हणाला, तुमच्या मिसेसच्या नकाशावर बघितलं, तिथं काहीच नाही. निर्धास्त घ्या." त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू थोडं आवरलं. "मला वाटलं, तूच…"

"मी नाही."

"मग राहू दे ना आता. नाही तर नाही." सांगलीची गाडी लागली होती. त्याने पळत जाऊन खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरली. "ब्राह्मीला सांग, लिफ्टचं बटण तिनंच दाबायचं."

*

कराड मागे पडेपर्यंत तिने मोबाईल पर्समधून काढला नाही. मग काढला आणि नोंदी उघडल्या.

बिल्डरचं माणूस एकही नव्हतं. सगळी नावं ओळखीची. बाळासोंनी नाथाजींच्या गल्लीतले नऊ काढले होते. त्याच आठवड्यात नाथाजींनी बाळासोंच्या गल्लीतले नऊ. बनुबाईंनी त्यांच्या जोडीच्या गल्लीतले सहा, आणि त्या गल्लीने बनुबाईंकडचे सहा. ज्या जोड्या तिने लावून दिल्या होत्या त्यांनीच, नियम एवढासाही न मोडता. कारणाच्या रकान्यात दोन-दोन, तीन-तीन शब्द. पोरीचं लग्न. भावांची वाटणी. म्हातारीचं ऑपरेशन. दुकानासाठी कर्ज. तिने सगळ्या नोंदी वाचल्या. पाणी आलं नव्हतं, असं एकानेही लिहिलेलं नव्हतं.

इतके दिवस ती शत्रू शोधत होती.

सगळ्यात वरची नोंद मंगळवारची. बिंदू एकशे अठ्ठ्याऐंशी, पिवळी बिल्डिंग. काढणार : आक्काताई. कारण : ल्हान पोरगी हाय. ओल सोसत न्हाई.

मंगळवार. म्हणजे त्या दिवशी ती टेप गुंडाळून दाराबाहेर पडली, त्यानंतर. चष्मा नाकावर ओढून, एकेक अक्षर शोधत त्यांनी ते लिहिलं असेल. शेजारी उसाचं रान पळत होतं. चंदना परत नकाशावर आली. एकेका गल्लीत मधल्या मधल्या घरांवरचे बिंदू गेले होते. एकच गल्ली तशीच भरलेली होती, चौदाच्या चौदा. आक्काताईंची. ती चंदनाच्या हातात होती ना.

तिला राग आला. नेमका कुणाचा ते तिला ठरवता येईना. मांडीवर पेढ्यांच्या पुड्याचा दोरा तिने इतका पिळला होता की तो तुटला.

*

ती पोचली तेव्हा उन्हं अंगणातल्या रांजणापर्यंत आली होती. ब्राह्मी जेवायला बसली होती, ताटात ज्वारीची भाकरी कुस्करलेली, वर दूध. श्वास मोकळा होता. आक्काताईंनी चंदनाला बघून दुसरं ताट घेतलं. त्या सूर्यास्ताच्या आत जेवायच्या आणि घरात आलेल्यालाही जेवायला घालायच्या.

चंदना उभीच राहिली.

"टाकीमागचा टिपका तुम्ही काढलात, आक्काताई."

"व्हय."

"पाणी आलं होतं तिथं. मी स्वतः मोजलंय."

"मी कुठं न्हाई म्हणतीया?" त्यांनी भाकरी मोडून ताटात ठेवली. "साडेतीन फूट. मला ठावं हाय."

"बँकेने तेवढंच बघितलं. आता त्यावर…" तिने पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. "मी तो परत लावणार आहे."

"लाव की," आक्काताई म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, रुसवाही नव्हता. त्यांनी तांब्या पुढे सरकवला. "आदी जेव. दिवस चाललाय."

स्वतःच्या टिपक्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मास्तरांची मुदत किती राहिली तेही नाही. ब्राह्मीने दुपारी किती वेळा वाफ घेतली, काय काय बडबडली, झोपेत कशी हसली, हेच सांगत राहिल्या. 

चंदनाने हात धुतले आणि ताटावर बसली. पहिला घास घेऊन मान वर केली तेव्हा तिला समोरची भिंत दिसली. काकांच्या टोपीच्या खिळ्याला पतसंस्थेचं कॅलेंडर लटकत होतं. परवापर्यंत ते तिथे नव्हतं. उंच स्टूल अजून भिंतीलगतच होतं.

"ते मी लावलं," ब्राह्मी दुधाच्या मिश्यांनी म्हणाली. "आक्काआजींनी मला घट्ट धरलं होतं."

"मास्तर यायचं म्हणत हुतं परत एकदा," आक्काताई ताटाकडे बघत म्हणाल्या. "भिंत उघडी उघडी दिसती."

कॅलेंडर पोरीच्या हातचं, एका बाजूला कललेलं. उजव्या कडेला त्याच्या मागून लाल रेघेचं बोटभर टोक बाहेर आलेलं होतं. चंदना त्या टोकाकडे बघत जेवली. तिने आणखी भाकरी घेतली नाही, नकोही म्हटलं नाही. बाहेर उन्हं रांजणावरून उतरली.

ती उठली, अंगणात जाऊन हात धुतले आणि पदराला पुसत आत आली. मग भिंतीपाशी जाऊन तिने कॅलेंडर दोन्ही हातांनी सरळ केलं.